जमिनीची खुर्ची

दि. १४ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी उठलो. दूध तापवलं, ते उतू गेलं. ऑफिसातून आणलेले नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवले. जेवलो. थोडा वेळ खिडकीत बसलो. मग हे पत्र लिहायला घेतलं.

ती. अक्कांना,

साष्टांग नमस्कार. (मनाने साष्टांग. पाठ धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतच थोडा पुढे वाकलो आहे, तेवढा मानून घ्यावा.) मी ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे, आणि तपकिरी गाईचा खोकला थांबला का? मागच्या मोठ्या पत्रात तुम्ही गुडघ्यावर एक ओळ आणि खोकल्यावर पाऊण पान लिहिलं होतं. त्यावरून गाय बरीच आजारी असावी आणि गुडघा त्याहून जास्त, असा मी अंदाज केला. चुकत असेन तर कळवावं.

अक्का, तुमच्या पत्रातला मुख्य मुद्दा मी विसरलेलो नाही. ओढ्याकडचं शेत आणि त्याच्या वरची झाडी विकायची, घेणारा तयार आहे, सुट्टीत येऊन राहणाऱ्यांसाठी तो तिथे घरं बांधणार, तुम्हा दोघी बहिणींत हिचा अर्धा वाटा आता माझ्याकडे आल्यामुळे माझ्या सहीशिवाय काही हलत नाही, आणि तो गृहस्थ महिनाअखेरपर्यंतच थांबणार. कागद तुम्ही पाठवलात त्याला बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही. तुमचं दुसरं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की कागदीबुवा, जिवंत आहात ना. आहे. उशीर का झाला ते सांगायचं तर आधी प्रशिक्षणाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्याकडे या वर्षात घडलेली दुसरी गोष्ट तीच. (पहिली तुम्हाला ठाऊक आहे.)

ही गेल्यापासून ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. साहेब तर इतक्या हळू की मला अर्धं ऐकूच येत नाही, आणि मी भिडेखातर हो म्हणतो. असाच एकदा हो म्हटलं आणि प्रशिक्षणाला माझं नाव गेलं. साहेबांचा हेतू चांगला होता, हवापालट होईल असं त्यांना वाटलं. प्रशिक्षण आमच्याच शहरात, घरापासून दोन चौकांवर, अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. हवा तीच होती, जिना तेवढा वेगळा.

प्रशिक्षणाचं नाव इतकं लांब होतं की दारावरच्या फलकावर ते तीन ओळींत मोडून लिहिलं होतं. थोडक्यात सांगायचं तर गावोगावचे आराखडे करणाऱ्या आमच्यासारख्यांना राबती जमीन कशी वाचवावी ते शिकवायचं. राबती म्हणजे जिथून पीक निघतं, लाकूड निघतं आणि त्यावर कुणाचं तरी घर चालतं ती. (तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं झालं, पण आम्हाला समजायला अर्धा दिवस लागला.) शिकवणाऱ्या बाई गमबूट घालून आल्या होत्या. येताना कुठल्यातरी शेतातून आल्या असाव्यात. बुटांवरचा चिखल वाळून फरशीवर त्याची ढेकळं पडत होती आणि आम्ही सगळे आराखडेवाले असल्यामुळे त्या ढेकळांना वळसा घालून, रांग न मोडता चालत होतो. त्यांना आम्ही गमबूटबाई म्हणू लागलो. त्यांना ते कळलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एका गावाचा कोरा नकाशा दिला आणि जे वाचवायचं ते हिरवं करा म्हणाल्या. आम्ही जोमाने लागलो. हिरव्या पेन्सिली संपल्या, लोक एकमेकांच्या पेन्सिली चोरू लागले, एका सभ्य वयस्कर गृहस्थांनी तर माझ्या खिशातली काढून घेतली. दुपारपर्यंत सगळी गावं हिरवीगार. बाई प्रत्येक नकाशापाशी थांबल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं की माणसं कुठे राहणार, झाडावर का? मग आम्ही खोडरबर घेऊन माणसांसाठी जागा करत बसलो. (हिरवी पेन्सिल नीट पुसली जात नाही. माझ्या नकाशातली सगळी माणसं फिकट हिरव्या घरांत राहायला गेली.)

दुसऱ्या दिवशी झाडी होती. आमच्या गटाने तिच्याभोवती पक्कं कुंपण काढलं आणि आत कुऱ्हाड न्यायला बंदी केली. बाईंनी विचारलं की त्या झाडीवर जगणारा लाकूडतोड्या आता काय करेल. आम्ही विचार केला, आपसांत बोललो आणि प्रामाणिकपणे सांगितलं की तो झाडी विकेल. कुणाला? तर बंगले बांधणाऱ्याला. बाईंनी फक्त रबर पुढे केलं. आमच्या गटात रस्ते आखणारे एक होते, रस्तेवाले म्हणू. त्यांना कुठलाही नकाशा दाखवा, त्यांना आधी वळण दिसतं. त्यांनी गावाच्या तोंडाशी एक सुंदर गोल चौक काढला होता, मध्ये फुलझाडं वगैरे. बाईंनी विचारलं की लांब लाकडं भरलेला ट्रक इथे कसा वळेल. रस्तेवाले खिशातला पेन ट्रक म्हणून चौकात फिरवत बसले. पेन प्रत्येक वेळी फुलझाडांत जात होता. ट्रक वळला नाही तर वखार बंद पडणार, वखार बंद पडली तर लाकूड कुणाला देणार, आणि लाकूड विकलं गेलं नाही तर झाडी कशासाठी राखायची. रस्तेवाले संध्याकाळी जिना उतरताना म्हणाले की वीस वर्षं झोपेत काढली मी. पुढे जे झालं त्यामुळे मला त्यांचे हे शब्द फार आठवतात.

आता खुर्च्यांच्या खेळाकडे येतो. (मुख्य मुद्दा लक्षात आहे, अक्का.)

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर बाईंनी गोलात खुर्च्या मांडल्या. एक शेतकऱ्याची, एक लाकूडतोड्याची, एक बांधकामवाल्याची, एक गावात नव्याने राहायला आलेल्याची, एक सरपंचाची, आणि एक जमिनीची. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीसारखं बोलायचं आणि गावाचा आराखडा ठरवायचा. जमिनीने बोलायचं नाही. तिला एवढीच मुभा की संपूर्ण खेळात एकदा उठून उभं राहायचं. ती उठली की ठरलेलं सगळं रद्द, बोलणी पहिल्यापासून. जमीन कोण होणार असं बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मतदानाची गरज पडली नाही. तीन दिवसांत मी जे काही बोललो होतो ते "खिडकी उघडू का" एवढंच होतं. शिवाय अंगात हिने विणलेला तपकिरी स्वेटर होता.

मी बसलो. कुणीतरी नकाशा माझ्याच गुडघ्यांवर पसरला आणि सगळे त्यावर वाकून बोलू लागले. अक्का, कुणी आपल्या गुडघ्यांवर रस्ता काढतंय हे बघत बसणं विचित्र असतं, पण वाईट नसतं. बोटं हळूहळू फिरत होती. खाली अंगणात अग्निशमनचे लोक पाण्याच्या लांब नळ्या धूत होते. दुपारी ते रोज धुतात आणि मग वाळायला उंच टांगतात. पाण्याचा आवाज खिडकीतून वर येत होता, पडदा आत येऊन पुन्हा बाहेर जात होता, आणि शेतकरी झालेल्या पाणीखात्यातल्या बाई काहीतरी म्हणत होत्या, ते बांधकामवाला ऐकून घेत नव्हता. त्याचं बोलणं लांब गेलं. पाणी मात्र जवळ आलं.

मग तो तुमचा ओढा होता. मी वरच्या बाजूला कशावर तरी बसलो होतो, मऊ होतं. शेतात अजून काही उगवलेलं नव्हतं, पण जमिनीतून वाफ निघत होती, आणि झाडीतली सगळी झाडं एक पाऊल खाली उतरून आल्यासारखी वाटत होती, आमचं काय चाललंय ते बघायला. ही ओढ्याच्या अंगाने वर येत होती. घाई नव्हती. खांद्यावर ती दोन माणसांची लांब करवत, चालताना करवत वाकायची आणि बारीक वाजायची, तुम्हाला तो आवाज माहीत असेल. मला वाटलं, आता येऊन काहीतरी सांगेल. इतक्या दिवसांत काही सांगितलेलं नाही, म्हणजे बरंच साठलं असेल. ती माझ्यापुढे येऊन थांबली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, उठा. बियाण्याच्या पोत्यावर बसलायत."

मी उठलो.

नकाशा घसरून खाली पडला. नेमकं त्याच क्षणी सरपंचाच्या खुर्चीतून रस्तेवाले म्हणत होते की चला, सगळ्यांना मान्य आहे, शेताचा वरचा भाग घरांना आणि मधून रस्ता. हात वर झालेले होते ते तसेच राहिले. गमबूटबाई हळू आवाजात म्हणाल्या की जमीन उठली, पुन्हा सुरुवात करा. मग सगळे मला विचारू लागले की तुम्ही बरोबर त्याच वाक्याला कसे उठलात. मला खरं सांगायचं होतं. पण जमिनीने बोलायचं नाही असा नियम होता आणि नियम मोडायची मला सवय नाही. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा फार खोल अर्थ लावण्यात आला. दोघांनी तो वहीत उतरवून घेतला. चहाच्या वेळी रस्तेवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की तुम्ही माझे डोळे उघडलेत.

आमच्या ऑफिसात बातमी माझ्याआधी पोहोचली. शिपाई मला जमीनसाहेब म्हणू लागला. साहेबांनी ठरवलं की आपल्याकडच्या प्रत्येक गावाच्या बैठकीत हा खेळ घ्यायचा, आणि जमीन अर्थातच मी. दर आठवड्याला कुठल्यातरी शाळेत किंवा सभागृहात मला खुर्चीत नेऊन बसवायचे. अक्का, खरं सांगतो, मी खुशीने जात होतो. गावासाठी नाही. मला वाटायचं, पुन्हा खिडकी असेल, पडदा असेल, दुपार असेल, आणि ती येईल. मुद्दाम भरपूर जेवून जायचो. तपकिरी स्वेटर घालायचो (एका गावात फार उकडत होतं, तरीही). डोळे अर्धे मिटून बसायचो. ती आली नाही. झोपही आली नाही. लोक माझ्या अंगाखांद्यावर गोदामं बांधायचे, पेट्रोलपंप बांधायचे, आणि मी ओढ्याचा आवाज येतो का ते ऐकत बसायचो. एका बैठकीत माझी उठायची वेळ केव्हा आली आणि केव्हा गेली ते मला कळलंच नाही. संपूर्ण शेताचं वाहनतळ झालं. झोपेत असताना मी जमीन वाचवली होती आणि टक्क जागा असताना घालवली.

त्या बैठकीला गमबूटबाई आल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं की पहिल्या वेळी मला झोप लागली होती. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तुम्ही घोरत होता. मी विचारलं की मग तेव्हा काही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की खेळ चांगला चालला होता, आणि जमीन घोरू नये असा काही नियम नाही. मग मी त्यांना बाकीचंही सांगितलं, स्वप्न, शेत, सहीचा कागद, सगळं. इतकं सलग मी या वर्षात कुणाशी बोललो नव्हतो. त्या कट्ट्यावर बसून ऐकत होत्या, बुटाच्या टाचेने चिखल काढत.

"तिथे सध्या कोण राबतं?" त्यांनी विचारलं.

"माझी मोठी मेहुणी."

"त्यांना का विकायची आहे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"विचारलं नाहीत?"

मी काही बोललो नाही. या वेळी त्याचा खोल अर्थ कुणी लावला नाही. त्या उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "जमीन उभी राहिली तर फक्त बोलणं थांबतं हो. सकाळी शेतात जायला कुणीतरी लागतंच."

घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात एकच शब्द दिसला होता, विकायची. या वेळी बाकीचे दिसले. गाईच्या खोकल्याच्या पाऊण पानाखाली तुम्ही लिहिलं होतं की यंदा झाडीत तोड झालेली नाही, करवत भिंतीला लावून ठेवली आहे. मी तेव्हा ते अवजाराची खुशाली म्हणून वाचून पुढे गेलो होतो. करवतीला दोन मुठी असतात. दरवर्षी तोडीच्या दिवसांत ही तिकडे यायची ती दुसरी मूठ धरायला, आणि मी इथे म्हणायचो की माहेरी गेली आहे. हाताला घट्टे घेऊन यायची. ही कसली माहेराहून आणलेली भेट, असं मी गमतीने म्हणायचो. मोटरची करवत तुम्हाला दारात नको, तिच्या आवाजाने गाय दूध चोरते. आणि एक मूठ धरून तुमच्या गुडघ्याने ती चढण चढून काय उपयोग. हे सगळं तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्ही गुडघ्यावर एक ओळ लिहिलीत.

तेव्हा मुख्य मुद्दा. जमीन विकू नका असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा हक्क खुर्चीत बसणाऱ्याला नसतो, हे मी सरकारी खर्चाने शिकलो आहे. उशीर झाला त्याबद्दल राग नसावा. गाईला गरम पाणी देत असालच. गुडघ्याला काय देता ते कळवावं. इकडे बाकी सगळं जागच्या जागी आहे.

आपला,
कागदीबुवा

ता. क. – मी तोडीच्या सबंध हंगामाची रजा घेतली आहे. साहेबांनी लगेच मंजूर केली. जमिनीच्या खुर्चीत आता कोण बसणार एवढाच प्रश्न त्यांना पडला होता, शेवटी तिथे एक मोठी कुंडी ठेवायचं ठरलं. परवाच्या बैठकीत ती माझ्यापेक्षा बरी बसली असं ऐकतो. तर विचारायचं हे होतं की मला दुसरी मूठ धरायला ठेवाल का? काम येत नाही. सांगितलेलं करतो. करवतीचं मला एवढंच ठाऊक आहे की आपण फक्त ओढायचं, ढकलायचं कधीच नाही, परत ओढायचं काम समोरचा त्याच्या पाळीत करतो. हे हिने एकदा भाजी चिरताना सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही असं तिला वाटलं. तुम्ही ओरडलात तरी चालेल. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी ओरडलेलं नाही.

ता. क. दुसरा – कागदावर सही करून तो याच पाकिटात घातला आहे. वरच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल तर तो त्या गृहस्थांना देऊन टाकावा, मला पुन्हा विचारू नये. हो असेल तर कागद तुमच्याकडेच राहू द्या. हंगाम संपला की मला काढायचं की जमीन, ते तुम्ही ठरवा. मी उठून उभा राहणार नाही.

ता. क. तिसरा – बियाण्याचं पोतं खरंच तिथे वरच्या बाजूला ठेवता का? मी ते कधी पाहिल्याचं आठवत नाही. ठेवत असाल तर कळवू नका, ठेवत नसाल तरी कळवू नका. आल्यावर बघेन.

आता उठतो. दोरीवरची चादर वाळली असेल. एकट्याने घडी घालायची तर एक कड हनुवटीखाली धरावी लागते, मग हात पुरतात.